चाकोरी

लैंगिकतेवरच्या शिबिरांत प्रश्न बहुतेक वेळा चिठ्ठीवर मागवतात. नाव लिहायचं नाही, घडी करून डब्यात टाकायची. तरुण मुलांच्या चिठ्ठ्या उघडल्या की एक प्रश्न वेगवेगळ्या अक्षरांत पुन्हा पुन्हा निघतो : "माझ्या मित्राला मोबाईलवर तसले व्हिडिओ पाहायची सवय लागली आहे. सुटत नाही. काय करावं?" चिठ्ठीतला हा मित्र बहुधा स्वतः लिहिणाराच असतो.

या प्रकरणात त्या चिठ्ठीचं उत्तर शोधायचं आहे आणि ते वर्धा जिल्ह्यात शोधायचं आहे. एकीकडे इथे सेवाग्राम आहे, पवनारचा विनोबांचा आश्रम आहे, जिल्ह्यात दारूबंदी आहे. दुसरीकडे वसतिगृहं आहेत, भाड्याच्या खोल्यांत राहून परीक्षांची तयारी करणारी मुलं आहेत आणि प्रत्येकाच्या उशाशी मोबाईल आहे. संयमाचा इतका मोठा वारसा असलेल्या जिल्ह्यातही अकरा वाजता दिवा मालवल्यावर पडदा उजळतोच.

सेवाग्रामच्या आश्रमात बापूंच्या दफ्तरात एक जुना टेलिफोन जपून ठेवला आहे. व्हाइसरॉय लिनलिथगो यांना गांधीजींशी थेट बोलता यावं म्हणून तो बसवलेला होता. शेजारीच साप पकडायचा पिंजराही दिसतो. या दोन्ही वस्तूंकडे पुढे परत यायचं आहे.

१. किती पाहिलं म्हणजे जास्त?

पहिला गैरसमज मिनिटांचा. रोज इतकी मिनिटं म्हणजे व्यसन आणि त्याखाली सगळं ठीक, असा कोणताही आकडा वैद्यकशास्त्रात नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात 'अनिवार लैंगिक वर्तन' या विकाराची नोंद आहे. हे वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू झालं. त्यात हा विकार दारू-तंबाखूच्या व्यसनांच्या रांगेत ठेवलेला नाही. आवेगावर ताबा न राहण्याच्या विकारांमध्ये त्याला जागा दिली आहे. याला व्यसन म्हणावं की नाही यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे, पण त्रास खरा आहे यावर वाद नाही.

लक्षणं साध्या भाषेत चार प्रश्नांत मांडता येतात. ही गोष्ट आयुष्याच्या मधोमध येऊन बसली आहे का, म्हणजे झोप, अभ्यास, काम आणि नाती मागे पडली आहेत का? सोडायचा प्रयत्न पुन्हा पुन्हा फसला आहे का? नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही का? आणि त्यातून आता फारसं समाधानही मिळत नाही, तरी हात तिकडेच जातो का? असं सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ चाललं असेल आणि रोजचं जगणं त्यामुळे अडत असेल, तर डॉक्टर त्याला विकार म्हणायचा विचार करतात.

याच वर्गीकरणात एक मोलाची अट आहे. केवळ 'मी पाप करतोय' या भावनेतून आलेला त्रास म्हणजे हा विकार नव्हे. महिन्यातून एकदा काही पाहून आठवडाभर स्वतःला शिव्या देणारा मुलगा आजारी नसतो. त्याचा त्रास अपराधीपणाचा असतो आणि त्यावरचा उपाय वेगळा असतो.

अपराधीपणाला आपल्याकडे जुनं खतपाणी आहे. रेल्वेच्या रुळांलगतच्या भिंतींवर 'गुप्तरोग' आणि 'कमजोरी' बरी करून देणाऱ्यांच्या जाहिराती अनेक पिढ्यांनी वाचल्या आहेत. वीर्य गेलं की शक्ती गेली, या भीतीतून येणारा थकवा आणि उदासी भारतात इतकी दिसते की डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये तिला 'धात सिंड्रोम' असं नाव दिलं. हस्तमैथुनाने शरीर खंगत नाही, स्मरणशक्ती जात नाही, पुढे मूल होण्यात अडचण येत नाही. ज्याला सवय सोडायची आहे त्याने ही खोटी भीती आधी खाली ठेवलेली बरी, कारण भीतीने रात्री झोप येत नाही आणि झोप न आलेला माणूस पुन्हा मोबाईल उचलतो.

२. काळ्या मातीतली पांदण

सवय म्हणजे काय, हे समजायला मराठीत एक तयार शब्द आहे : चाकोरी. चाकांनी पाडलेली कोर. वर्ध्याची काळी माती ज्याने पाहिली आहे त्याला फोड करून सांगायला नको. पावसाळ्यात पांदणीतून बंडी गेली की चाकाचे दोन चर उमटतात. दुसऱ्या खेपेला चाक आपोआप त्याच चरात उतरतं. उन्हाळ्यात ते चर वाळून दगडासारखे होतात. मग धुरकऱ्याला डुलकी लागली तरी बैल बरोबर घरी येतात.

मेंदूही खेपा मोजतो. वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. माकडाला फळांच्या रसाचे थेंब दिले की मेंदूतल्या डोपामिन सोडणाऱ्या पेशी उत्तेजित होत. मग रसाच्या आधी एक दिवा लावायला सुरुवात केली. काही दिवसांत पेशींची उसळी रसावरून सरकून दिव्यावर आली. रस तोंडात पडायच्या आधीच, दिवा दिसताक्षणी मेंदू तयार! आणि दिवा लागूनही रस मिळाला नाही, तर त्या पेशींची हालचाल नेहमीपेक्षाही खाली गेली.

रात्री अकराची वेळ, बंद दार, पांघरूण, हातात फोन हा माणसाचा दिवा. व्हिडिओ सुरूही झालेला नसतो आणि छातीत धडधड सुरू होते. पुष्कळ जण सांगतात, "मी ठरवलं नव्हतं, कधी सुरू झालं कळलंच नाही." ते खोटं बोलत नसतात. चाक चरात उतरलेलं असतं.

आणखी एक बारकावा. मिशिगन विद्यापीठातले केंट बेरिज यांनी दाखवून दिलं की एखादी गोष्ट 'हवीशी वाटणं' आणि ती 'आवडणं' या मेंदूतल्या दोन वेगळ्या व्यवस्था आहेत. पहिली वाढत असताना दुसरी जागेवरच राहू शकते, कमीही होऊ शकते. म्हणून पंचवीस व्हिडिओ चाळूनही एकही मनासारखा सापडत नाही आणि तरी बोट पुढे सरकत राहतं.

पूर्वी चर इतक्या लवकर खोल होत नसत, कारण खेपाच कमी होत्या. पिवळ्या वेष्टनातलं पुस्तक हातोहात फिरत यायचं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटाचे दर कोसळले आणि खेपांना हिशेब उरला नाही. हिशेब करून पाहायचा तर सोपा आहे : रोज ५० मिनिटं धरली तर महिन्याला १,५०० मिनिटं, म्हणजे २५ तास. एक अख्खा दिवस, एक अख्खी रात्र आणि वर एक तास.

त्यात माहितीचा दुष्काळ. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवून लैंगिक विषयावर मराठीत सरळ बोलायचा प्रयत्न केला. त्यासाठी त्यांना कोर्टात उभं राहावं लागलं. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेतून डॉ. राणी बंग यांनी 'तारुण्यभान'च्या शिबिरांमधून तेच काम पुढे नेलं. पण अशी शिबिरं किती जणांपर्यंत पोचणार? बाकीच्यांना शिकवतो तो पडदा. तिथे संमती विचारली जात नाही, कोणी लाजत नाही, थकत नाही, प्रेमाने बोलत नाही. दाखवलेलं शरीर आणि वेळ, दोन्ही कात्री लावून जोडलेले असतात.

३. अस्वल आणि साप

सवय सोडायची म्हटलं की पहिला सल्ला मिळतो : "तो विचारच मनात आणू नकोस." हा सल्ला उलटतो.

१९८७ मध्ये अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी विद्यार्थ्यांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार न करायला सांगितलं. आलाच तर घंटी वाजवायची. घंट्या वाजतच राहिल्या. नंतर 'आता खुशाल विचार करा' म्हटल्यावर, आधी दाबून ठेवणाऱ्यांच्या मनात अस्वल इतरांपेक्षा जास्त वेळा आलं. दाबलेला विचार संधी मिळताच दुप्पट जोराने वर येतो.

मग करायचं काय? इथे सेवाग्रामचा पिंजरा आठवावा. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी इथे आले तेव्हा या गावाचं नाव सेगाव होतं. बुलढाण्याच्या शेगावशी गोंधळ होई म्हणून १९४० मध्ये ते सेवाग्राम झालं. साप-विंचवांची इथे कमी नव्हती आणि साप मारायचा नाही असा आश्रमाचा नियम होता. साप निघाला की त्याला चिमट्यात धरायचं, पिंजऱ्यात घालायचं, दूर नेऊन सोडायचं. आरडाओरडा नको, काठी नको आणि 'साप नाहीच' असं म्हणणंही नको.

वॉशिंग्टन विद्यापीठातले अॅलन मार्लॅट यांनी व्यसनमुक्तीसाठी सुचवलेली रीत याच जातीची आहे. त्यांनी तल्लफेला लाट म्हटलं. लाट उठते, शिगेला पोचते आणि आपोआप ओसरते. तल्लफेत असलेल्याला वाटतं की ती वाढतच जाणार, म्हणून तो शिखरावर पोचायच्या आधीच हार मानतो. त्याने एकदा तरी पलीकडचा उतार पाहायला हवा. त्यासाठी बसून पाहायचं : छाती धडधडते आहे, तळहात गरम झालेत, पोटात ओढ आहे. घड्याळाकडे बघून वेळ लिहायची. सहसा लाट काही मिनिटांची असते. या वेळात हाताला काम असेल तर फार मदत होते. भांडी घासणं, अंगणाला चार फेऱ्या, थंड पाण्याने तोंड धुणं यांतलं काहीही चालतं. हातात तकली असेल तर मोबाईल धरता येत नाही, हे तर सूत कातणाऱ्या कोणालाही पटेल.

४. निवड कधी करायची?

ऐन तल्लफेत घेतलेला निर्णय दुबळा असतो. पांदणीत चाक रुतल्यावर बंडी वळवायला चार माणसं लागतात. चर सुरू व्हायच्या आधीच बैलाची मान वळवली तर एका हाताने काम होतं. म्हणून निवड दुपारी करायची, शांत डोक्याने, कागदावर.

समजा, समुद्रपूर तालुक्यातला एक मुलगा वर्ध्यात खोली करून पोलीस भरतीची तयारी करतो आहे. तो एका वहीत चार रकाने आखतो : वेळ, जागा, मनःस्थिती, आधी काय घडलं. सात दिवस तो स्वतःला बदलायला जात नाही, फक्त लिहितो. आठवड्याअखेर दिसतं की सातपैकी पाच वेळा रात्री अकरानंतर, अंथरुणात, एकटा असताना घडलं. त्या पाचांपैकी तीन वेळा आधी घरून फोन आला होता. सोयाबीनचे पैसे आले नाहीत, बहिणीच्या लग्नाचं बोलणं, 'यंदा लागतोस ना भरतीत?' हा प्रश्न. एकदा सराव परीक्षेचे गुण कमी आले होते.

वही त्याला नवी गोष्ट सांगते. त्याला वाटत होतं, आपल्यात वासनाच जास्त. वहीत दिसते ती काळजी आणि एकटेपणा. व्हिडिओ त्याच्यासाठी गुंगीचं औषध होतं.

आता योजना. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी 'जर–तर' पद्धतीच्या संकल्पांचा अभ्यास केला. 'मी पाहणार नाही' या मोघम निश्चयापेक्षा 'जर अमुक झालं, तर मी तमुक करीन' असा नेमका निश्चय जास्त टिकतो, असं त्यांना दिसलं. तो मुलगा लिहितो :

जर घरून फोन आला, तर ठेवल्यावर मी दहा मिनिटं बाहेर चालेन.

जर साडेदहा वाजले, तर फोन टेबलावर चार्जिंगला लागेल, अंथरुणात येणार नाही. गजरासाठी साधं घड्याळ.

जर तरीही ओढ वाटली, तर मी मित्राला निरोप पाठवीन.

दुसरी ओळ वाचताना बापूंच्या दफ्तरातला टेलिफोन आठवतो. व्हाइसरॉयचा फोन असूनही त्याची जागा दफ्तरात होती. यंत्राला जागा नेमून दिली की त्याची आपल्यावरची सत्ता कमी होते.

अश्लील संकेतस्थळं अडवणारी अॅप वापरावीत का? जरूर, पण त्यांच्याकडून किती अपेक्षा ठेवायची ते वर्धेकरांना माहीत आहे. जिल्ह्यात १९७० च्या दशकाच्या मध्यापासून दारूबंदी आहे. तिने दारू दुकानाच्या फळीवरून उतरवली आणि बाईला पोलिसांकडे तक्रार करायचा आधार दिला. तरीही चोरटी दारू पकडल्याच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. सरकारने २०१५ मध्ये ८५७ आणि २०१८ मध्ये ८२७ संकेतस्थळं अडवायचे आदेश काढले, तेव्हाही पाहणाऱ्याने दुसरी वाट काढली. कुलपाचं काम एवढंच की हात आणि पडदा यांत दोन मिनिटं घालणं. लाटेच्या हिशेबात दोन मिनिटं थोडी नसतात. त्या कुलपाची किल्ली, म्हणजे अॅपचा पासवर्ड, मात्र दुसऱ्याकडे असावी.

५. दुसरा माणूस कशाला?

निर्णय ज्याचा त्यानेच घ्यायचा असतो. आईने शपथ घातली, बायकोने धमकी दिली, म्हणून सोडलेली सवय धाक संपला की परतते. मग दुसऱ्याची गरज का पडते? कारण ही सवय गुपितावर जगते. दारूला वास असतो, गुटख्याला डाग असतो. हिला काहीच नसतं. ती कोणालाच दिसत नाही, म्हणून तिच्याविषयी कोणी विचारत नाही. गुपित जितकं जुनं तितकी लाज मोठी आणि लाजेचा चटका विसरायला पुन्हा तोच पडदा. हे चक्र एकट्याने आतून फोडणं फार कठीण आहे.

गांधीजींच्या आत्मकथेत एक प्रसंग आहे. पंधरा वर्षांच्या मोहनने भावाच्या कड्यातलं सोनं चोरलं. पुढे ते सहन होईना. तोंडाने सांगायचं धाडस नव्हतं, म्हणून चिठ्ठी लिहिली आणि आजारी वडिलांच्या हातात थरथरत दिली. वडिलांनी वाचली, डोळ्यांतून पाणी आलं, चिठ्ठी फाडली आणि ते पडून राहिले. मार नाही, शिवी नाही. त्या पाण्याने मुलाला जे शिकवलं ते छडीने शिकवलं नसतं. कबुली ऐकणारा कसा असावा, याचा हा नमुना आहे.

सेगावला यायच्या थोडं आधी, १९३६ मध्येच, मुंबईत आजारपणात असताना वयाच्या ६६ व्या वर्षी त्यांना कामवासनेने गाठलं. हे त्यांनी सासवडच्या आश्रमातल्या प्रेमाबहेन कंटक यांना पत्रातून कळवलं आणि त्याच वर्षी 'हरिजन'मध्येही लिहिलं. गांधीजींच्या ब्रह्मचर्याच्या कल्पना अतिशय कडक होत्या आणि त्यांचे पुढचे प्रयोग त्यांच्या निकटच्या सहकाऱ्यांनाही मान्य नव्हते. आजच्या तरुणाने ती वाट धरावी असं इथे सुचवायचं नाही. घ्यायचं ते एवढंच : ज्या माणसाकडे सगळा देश पाहत होता, त्याने आपली ओढ दडवली नाही.

आता अमेरिकेतलं अॅक्रन शहर, मे १९३५. बिल विल्सन नावाचा, काही महिन्यांपूर्वी दारू सोडलेला माणूस हॉटेलच्या दिवाणखान्यात उभा होता. धंद्याचं काम फसलं होतं. एका बाजूला बारमधून हसण्याचे आवाज येत होते, दुसऱ्या बाजूला टेलिफोन होता. तो टेलिफोनकडे गेला आणि चर्चच्या यादीतले नंबर फिरवत राहिला. त्याला कोणाकडून उपदेश ऐकायचा नव्हता. बोलायला दुसरा दारुडा हवा होता. त्यातून त्याची डॉ. रॉबर्ट स्मिथ यांच्याशी गाठ पडली आणि 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस'चा जन्म झाला. पुढे लैंगिक सवयींत अडकलेल्यांनीही त्याच पद्धतीचे गट काढले.

पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू केलेल्या 'मुक्तांगण' या व्यसनमुक्ती केंद्रात स्वतः व्यसनातून बाहेर आलेली माणसं नव्याने आलेल्यांना धीर देतात. 'मीही इथेच, याच पायरीवर बसलो होतो,' असं तो माणूस सांगतो आणि ते डॉक्टरला सांगता येत नाही.

वर्ध्यालाही हे नवं नाही. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने आसपासच्या गावांत किशोरी पंचायती उभ्या केल्या. ज्या मासिक पाळीविषयी घरात ब्र काढता येत नव्हता, त्याविषयी मुलीच मुलींशी बोलू लागल्या. सरकारच्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातही २०१४ पासून समवयस्क शिक्षक हा पाया आहे. लाजेचा विषय बरोबरीच्या माणसासमोर आधी सुटतो.

६. सोबती कसा निवडावा?

जिवलग मित्र आणि योग्य सोबती हे एकच असतील असं नाही. सोबत्यात चार गोष्टी पाहाव्यात. त्याच्या पोटात गोष्ट राहते. तो थट्टा करत नाही. तो रात्री साडेअकराला फोन उचलतो. आणि स्वतःची एखादी उणीव तो मोकळेपणाने सांगू शकतो. दोघांनाही हीच सवय सोडायची असेल तर उत्तमच. तिघे-चौघे असतील तर आठवड्यातून एक ठरलेली वेळ ठेवावी.

बोलण्याचेही नेम असावेत. काय पाहिलं त्याचं वर्णन करायचं नाही, नाहीतर ऐकणाऱ्याचाच दिवा लागतो. 'कधी, कुठे, मन कसं होतं' एवढंच सांगायचं. विचारायचं ते पोलिसासारखं नाही. "परत केलंस ना?" या प्रश्नाला खोटं उत्तर मिळतं. "आज दिवस कसा गेला?" या प्रश्नाला खरं मिळतं. गटात सांगितलेलं गटाबाहेर जात नाही. आणि व्हॉट्सअॅपवर गट केला, तर त्यात कोणाचेही फोटो वा दुवे टाकायचे नाहीत.

पत्नी किंवा प्रेयसी हीच सोबती होऊ शकते का? तिला विश्वासात घ्यावं, पण पहाऱ्यावर बसवू नये. नवऱ्याचं गुपित अचानक उघड झालं की तिला 'मी कमी पडले का?' हा प्रश्न छळतो. तो प्रश्न चुकीचा आहे. सवय बहुधा तिच्या आधीपासूनची असते. तिचं दुःख मात्र खरं असतं आणि तिलाही बोलायला कोणी लागतं. मुक्तांगणने व्यसनी माणसांच्या बायकांसाठी 'सहचरी' हा वेगळा गट काढला, त्यामागे हीच जाण होती. ही सवय फक्त पुरुषांची असते असंही नाही. मुलींना सांगायला जागा आणखी कमी असते, म्हणून मैत्रिणींच्या गटाची गरज जास्त असते.

७. घसरल्यावर

बावीस दिवस छान गेले आणि तेविसाव्या रात्री घसरण झाली. आता काय?

खरा धोका त्या एका रात्रीत नसतो, दुसऱ्या दिवशी सकाळी मनात येणाऱ्या वाक्यात असतो : "गेलंच सगळं, आता काय उरलं!" मार्लॅट यांनी या मनःस्थितीचाच अभ्यास केला. एक घोट घेतलेला माणूस त्या घोटामुळे जितका बुडतो, त्याहून 'मी हरलो' या समजुतीमुळे जास्त बुडतो. सायकलवरून पडलेला मुलगा सायकल विहिरीत टाकत नाही.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या नव्या सवयी कशा रुजतात ते पाहिलं. साधारण ६६ दिवस लागतात असं निघालं, पण माणसागणिक फरक मोठा होता : १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत. हा अभ्यास चांगली सवय लावण्याचा होता, वाईट सोडण्याचा नव्हता. तरी त्यातली एक गोष्ट इथे कामाची आहे : एखादा दिवस चुकला म्हणून रुजण्यात फारसा फरक पडला नाही.

म्हणून दिवस मोजताना शून्यावर जायचं नाही. तेवीसपैकी बावीस, असं लिहायचं. जुन्या पांदणीवर गवत उगवायला वेळ लागतो आणि पहिल्या पावसात जुना चर पुन्हा दिसतोही. नव्या वाटेवरून झालेल्या बावीस खेपा पुसल्या जात नाहीत. चोवीस तासांच्या आत सोबत्याला सांगायचं, वहीत चार रकाने भरायचे आणि 'जर–तर'च्या यादीत कुठे भोक होतं ते शोधायचं.

८. कधी डॉक्टर, कधी पोलीस

दोन-तीन महिने मनापासून प्रयत्न करूनही काही हलत नसेल, झोप-भूक गेली असेल, उदासी वा आत्महत्येचा विचार येत असेल, तर मित्रावर भार टाकू नये. मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी मेघेचं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय ही दोन मोठी ठिकाणं वर्ध्याच्या दाराशी आहेत. किशोरवयीनांसाठी सरकारी रुग्णालयांत 'मैत्री क्लिनिक' असतात. 'टेलि-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत आणि नाव न सांगता बोलता येतं. कित्येकदा सवयीच्या खाली नैराश्य दडलेलं असतं. ते बरं झालं की वरची सवय सैल पडते.

कायद्याची रेषाही माहीत हवी. लहान मुलांचं लैंगिक शोषण दाखवणारं काहीही शोधणं, पाहणं, साठवणं, पाठवणं हा गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात हे निःसंदिग्ध केलं. तिथे प्रश्न सवयीचा उरत नाही, एका मुलाच्या यातनेचा असतो. आणि अनोळखी मुलीचा व्हिडिओ कॉल आला, चित्रण झालं, पैशांची धमकी सुरू झाली, तर पैसे न देता सायबर गुन्ह्यांसाठीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. लाजेपायी गप्प राहणाऱ्यांच्याच जिवावर हा धंदा चालतो.

९. एक रात्र

समुद्रपूरच्या त्या मुलाकडे परत जाऊ. समजा, रात्रीचे अकरा वाजून दहा मिनिटं झाली आहेत. घरून फोन येऊन गेला आहे. तो चालून आला, फोन टेबलावर ठेवला, दिवा मालवला. झोप येत नाही. पंधरा मिनिटांनी तो उठतो. चार्जिंगची तार काढतो. बोट पडद्यावर थांबतं आणि मग तो लिहितो :

"आज जमून नाही राह्यलं बे."

पलीकडून लगेच उत्तर : "खाली ये. दोन मिंटात पोचतो."

"झोपला नव्हता का?"

"झोपलो होतो. ये ना आता."

दोघं स्टेशनजवळच्या चहाच्या टपरीपर्यंत चालत जातात. मित्र काय झालं ते विचारत नाही. सोयाबीनचं बोलणं निघतं, मग बहिणीच्या लग्नाचं, मग सोळाशे मीटरच्या धावण्यातल्या वेळेचं. दुसरा चहा येईपर्यंत छातीतली धडधड कधी थांबली ते त्याला सांगताही येणार नाही. परतताना मित्र त्याचा फोन स्वतःच्या खिशात टाकतो, "सकाळी ग्राउंडवर देतो" म्हणतो आणि गाडीला किक मारतो.

खोलीवर सव्वाबारा वाजलेले असतात. मुलगा वही काढतो. वेळ, जागा, मनःस्थिती, आधी काय घडलं. चार रकाने भरून होतात. मग पट्टी घेऊन तो पानाच्या उजव्या कडेला आणखी एक रेघ मारतो आणि पाचव्या रकान्याच्या डोक्यावर लिहितो : कोणाला सांगितलं.